दार्युशाचा निरोप

अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी अंजूने पेंडल हिलचा हॉल वर्षभर आधी धरून ठेवला होता. तो रद्द झाल्याचं हॉलवाल्यांनी जुलैतच कळवलं. सप्टेंबर उजाडला तरी सिडनीचं लॉकडाऊन उठायचं नाव घेईना. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही आणि दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. कॅसल हिलच्या त्यांच्या घरापासून पेंडल हिल गाडीने वीस मिनिटांवर, पण त्या वीस मिनिटांच्या पलीकडे राहणारा धाकटा दीर हृषिकेश जणू दुसऱ्या देशात राहत होता. तसं पाहिलं तर लॉकडाऊन नसतं तरी तो आला असता की नाही, याची अंजूला खात्री नव्हती.

"आपण झूमवर करू, अण्णा," रविवारच्या चहाला अंजूचा नवरा शैलेंद्र वडिलांना म्हणाला. "पुण्याहून गुरुजी मंत्र सांगतील, अंजू इथे औक्षण करेल. मेलबर्नहून रेखा येईल, पुण्याहून यतिन. मी सगळ्यांना वेळ कळवतो."

"मला औक्षण नको," अण्णा म्हणाले. "मला नाटक हवंय."

अंजूच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

मिरजेच्या शाळेत अण्णांनी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला होता. दर वर्षी एक धडा ते नाटक करून शिकवायचे. बाकांचे किल्ले व्हायचे आणि फळा पुसायच्या डस्टरांचे तोफगोळे. शैलेंद्र आणि हृषिकेश दोघंही त्यांच्याच वर्गात होते, आठ वर्षांच्या अंतराने. दोघांनीही बापाच्या हाताखाली बादशहांच्या आणि सरदारांच्या भूमिका केल्या होत्या.

"कसलं नाटक?" शैलेंद्रने सावधपणे विचारलं.

"दार्युशाचं. इराणचा सम्राट. शकांच्या मुलखावर चालून गेला होता, त्याची गोष्ट. दार्युश तू. शकांचा राजा हृषी."

रुचाने टोस्टवरून नजर उचलली. ती बारावीला होती. परीक्षा पुढे ढकलून नोव्हेंबरात नेलेली, आणि प्राचीन इतिहासाच्या पेपराला तिने नेमका इराणचाच भाग घेतला होता. तीन महिने आजोबा आणि नात दिवाणखान्यात नकाशे पसरून बसत होते. आजोबा मराठीतून समजावायचे आणि नात इंग्रजीतून टिपणं काढायची.

"ओ माय गॉड," ती म्हणाली. "एक जण मोठ्ठी आर्मी घेऊन मागे लागतो आणि दुसरा नुसता पळत राहतो. आजोबा, दॅट्स लिटरली बाबा अँड काका."

"गप्प बस," अण्णा म्हणाले. "इतिहास आहे तो."

कप तसाच ठेवून शैलेंद्र मागच्या अंगणात गेला आणि कारण नसताना पाण्याचा पाइप गुंडाळू लागला.

हृषिकेशशी तो पाच महिने बोलला नव्हता.

आई, म्हणजे अंजूच्या सासूबाई श्यामलाताई, मार्च २०२० मध्ये बहिणीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला परत गेल्या होत्या. अण्णा महिन्याभराने मागोमाग जायचे होते. तेवढ्यात विमानं थांबली. तेरा महिने नवरा-बायको समुद्राच्या दोन बाजूंना बसून रोज सकाळी व्हिडिओवर एकमेकांना भाजी काय केली ते सांगत राहिले. मग एप्रिल २०२१ ची लाट आली. त्यात आठ दिवसांत आई गेल्या. त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं बंद केली होती. गेलं तर परत येता येईल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. मावसभाऊ यतिनने अग्नी दिला. स्मशानात चार मिनिटं मिळाली, तेवढी त्याने फोनवर दाखवली. शैलेंद्र होता, त्याची बहीण रेखाताई होती, अण्णा होते. हृषिकेशची चौकट शेवटपर्यंत उघडली नाही. दहाव्या दिवशी शैलेंद्रच्या सांगण्यावरून यतिनने अस्थी विसर्जित केल्या आणि फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या मिनिटाला हृषिकेश ग्रुपमधून बाहेर पडला.

तिथपासून अबोला. शैलेंद्र म्हणे, आईच्या शेवटच्या चार मिनिटांना जो येत नाही त्याच्याशी काय बोलायचं? हृषिकेश काय म्हणे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो पहिल्यापासून तसाच. स्वयंपाकाचा डिप्लोमा करायला मेलबर्नला आला, तो अर्धा टाकून ॲडलेडला गेला, मग टाउन्सव्हिल, मग सिडनी. चौदा वर्षांत अकरा पत्ते. शैलेंद्र थोरल्या भावाच्या काळजीने मागे लागायचा, कोर्स पुरा कर, कायमची नोकरी बघ, घर बघ. तो जितका मागे लागे तितका हृषिकेश पुढचं गाव गाठे. आता तो सुपरमार्केटचा थंड मालाचा ट्रक चालवत होता.

जावाजावांनी मात्र अबोला धरला नव्हता. हृषिकेशची बायको नीरजा कोविडच्या टेस्टिंग क्लिनिकवर काम करायची. तिची शिफ्ट संपली की ती गाडीत बसूनच अंजूला फोन करी. हे दोघी नवऱ्यांना सांगत नसत.

"तो तयार होईल?" अंजूने त्या दिवशी तिला विचारलं.

"झाला," नीरजा म्हणाली. "अण्णांनी दुपारी फोन केला होता. म्हणाले, एक्याऐंशीव्या वर्षी मी तुझ्याकडे काही मागतोय. हा हो म्हणाला आणि मग अर्धा तास नुसता बाल्कनीत उभा होता. वहिनी, दादा करणारेत का नक्की?"

"त्यालाही अण्णांनी तेच वाक्य ऐकवलं असणार."

तालमी अण्णांनी वेगवेगळ्या घेतल्या. शैलेंद्रची समोर बसवून आणि हृषिकेशची फोनवर, दार लावून. संवाद त्यांनी सांगितले, रुचाने रोमन लिपीत टाइप केले. अंजूलाही एक भूमिका मिळाली, दार्युशाच्या शहाण्या सरदाराची. "चार वाक्यं आहेत," अण्णा म्हणाले, "पण सबंध दरबारात अक्कल एकट्या त्यालाच आहे."

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता, म्हणजे पुण्याच्या साडेदहाला, सगळे पडद्यावर जमले. मेलबर्नच्या ट्रुगानिनाहून रेखाताई आली, मागे तिच्या नवऱ्याचं डोकं अर्धं दिसत होतं. पुण्याहून यतिन, शेजारी त्याची आई, म्हणजे ज्यांच्या ऑपरेशनला श्यामलाताई गेल्या होत्या त्या मावशी. कॅसल हिलच्या दिवाणखान्यात अण्णा नवं धोतर नेसून कोचावर बसले होते. शैलेंद्रने खांद्यावर जांभळी चादर घेतली होती आणि रुचाने केलेला पुठ्ठ्याचा मुकुट डोक्यावर चढवला होता. पंचावन्नाव्या वर्षी पुठ्ठ्याचा मुकुट घालणाऱ्या माणसाची थट्टा करायची नसते, हे अंजूला समजत होतं. ती ओठ आवळून बसली.

सर्वात शेवटी पेंडल हिलची चौकट आली. आधी काळी, नुसतं नाव. मग उजळली.

हृषिकेशने दाढी वाढवली होती. अंगात कामावरचं केशरी चमकदार जाकीट होतं आणि डोक्याला नीरजाची हिरवी ओढणी गुंडाळलेली.

"शाबास," अण्णा म्हणाले. "शक असाच दिसत असेल."

हृषिकेश हसला नाही, शैलेंद्रकडे त्याने बघितलंही नाही. पडद्यावर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही, तरी अंजूला ते कळलं.

रुचाने सुरुवात केली. तिचं मराठी अडखळत चाले, पण आवाज खणखणीत होता. अडीच हजार वर्षांपूर्वी दार्युशाने होड्यांचा पूल बांधून डॅन्यूब नदी ओलांडली. त्याच्याकडे अफाट फौज होती. शकांकडे गाडे, घोडे आणि गवताळ रानं. शकांनी लढाई दिलीच नाही. ते एक दिवसाची वाट राखून पुढे पुढे जात राहिले. जाताना विहिरी बुजवल्या, गवत पेटवलं. आठवडे गेले. सम्राटाचे घोडे उपाशी मरू लागले. "सो," रुचा म्हणाली आणि आजोबांकडे बघून सावरली, "म्हणून दार्युशाने शकांच्या राजाला निरोप पाठवला."

शैलेंद्रने कागद समोर धरला. तो ऑफिसातल्या मीटिंगमध्ये वाचतात तसा वाचू लागला.

"हे शकराजा, तू असा पळतोस का? अंगात बळ असेल तर थांब आणि लढ. नसेल तर माती आणि पाणी घेऊन ये आणि मला आपला स्वामी मान. दोन्हीतलं एक काहीतरी कर." इथे त्याने कागद खाली केला. "पण पळू नकोस."

शेवटचे तीन शब्द जरा जास्तच खरे आले. ट्रुगानिनाच्या चौकटीत रेखाताईने ओढणीचं टोक तोंडाशी नेलं.

हृषिकेशने संवाद पाठ केले होते.

"दार्युशा, भीतीने मी आजवर कुणापासून पळालो नाही. आताही पळत नाहीये. एरवी जसा जगतो तसाच जगतोय. आम्हाला शहरं नाहीत, शेतं नाहीत, जळतील म्हणून धास्तावून लढायला यावं असं काही नाही. तुला लढाईच हवी असेल तर आमच्या वाडवडिलांची..."

तो थांबला. रुचाला वाटलं, विसरला.

"थडगी, काका," ती हळूच म्हणाली.

"माहितीये मला, रुचा." त्याने पुन्हा सुरुवात केली. "आमच्या वाडवडिलांची..." आणि डोक्यावरची ओढणी काढून मांडीवर ठेवली. "अण्णा, हे वाक्य मला जमणार नाही."

"का?"

"आमच्या वाडवडिलांची थडगी शोधून काढ, त्यांना हात लावून बघ, मग कळेल आम्ही लढतो की नाही. असं आहे ना ते? काय शोधणार, अण्णा? आपल्याकडे काय आहे? एक फोटो आहे. यतिन गुडघाभर पाण्यात उभा, हातात कलश, आणि खाली दादाचा थँक यू."

"हृषी, आज नको," शैलेंद्र म्हणाला. "आज अण्णांचा दिवस आहे."

"आजच," अण्णा म्हणाले. कोचावर ते ताठ बसले होते. "माझा दिवस आहे ना? मग आजच."

"मला विचारलं का कुणी?" हृषिकेशचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "ती माझीही आई होती. एक फोन करून विचारायचं, हृषी, काय करू या?"

"एक?" शैलेंद्रच्या डोक्यावरचा मुकुट हलला. "तेवीस केले. मोजलेत मी. तू उचलत नव्हतास. चार मिनिटं होती रे आपल्याला, चार. तो यतिन त्या प्लास्टिकच्या पोशाखात घामाने भिजत एका हाताने फोन धरून उभा. अण्णा बघत होते. रेखा रडत होती. आणि मी आईकडे बघायचं सोडून तुझी चौकट कधी उघडते ते बघत होतो. आता येईल, आता येईल. ती चार मिनिटं तू माझीही घालवलीस."

अंजूला वाटलं, लॅपटॉप मिटावा, सगळ्यांना जेवायला वाढावं. पण जेवायला वाढण्यासारखे सगळे एका घरात नव्हते.

"मी आलो होतो," हृषिकेश म्हणाला.

"कुठे?"

"लिंक उघडली होती. वेअरहाउसच्या पार्किंगमध्ये, ट्रक बंद करून. जॉइनच्या बटनावर बोट होतं. तुमची सगळ्यांची नावं दिसत होती. अण्णांचं, रेखाताईचं. बटन दाबलं की आई गेलेली असणार. नाही दाबलं तर..." त्याने मान हलवली. "तर काय, मलाही माहीत नाही. सात मिनिटं मी तसाच बसलो. मग नावं एकेक करून गेली. पळालो नाही, दादा. दाबता आलं नाही. बस."

मागून नीरजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून अंजूला कळलं, हे तिला माहीत होतं. पाच महिने रोज फोनवर बोलूनही तिने हे सांगितलं नव्हतं. अंजूला क्षणभर टोचलं, आणि मग जावेबद्दल आदरच वाटला.

शैलेंद्रने मुकुट काढला. तो कुठे ठेवावा हे न सुचून हातातच फिरवत राहिला.

"निम्म्याच सोडल्यात," तो म्हणाला.

"काय?"

"अस्थी. निम्म्याच सोडल्यात. दहाव्याला काहीतरी करणं भाग होतं, मावशीच्या जिवाला घोर लागला होता. पण यतिनला म्हटलं, निम्म्या ठेव. हृषी आल्याशिवाय सगळ्या सोडू नकोस."

अंजू नवऱ्याकडे बघतच राहिली. एकाच छताखाली, एकाच पलंगावर राहून त्याने हे आपल्यालाही सांगितलं नाही. तिला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या पांढऱ्या झालेल्या कानशिलांवरून हात फिरवावासा वाटला.

"मग सांगितलं का नाहीस?" हृषिकेशने विचारलं.

"कसं सांगू? तू फोन उचलत नाहीस, ग्रुप सोडलास. आईच्या अस्थींचं मी टेक्स्ट मेसेजमध्ये लिहू?" शैलेंद्र थांबला. मग अवघड जागी पाय टाकावा तसा पुढचं बोलला. "आणि राग होता. सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. तुला बरं वाटायला नको होतं मला. त्या वेळी."

पुण्याच्या चौकटीतून यतिनचा आवाज आला. "खरं आहे, हृषी. स्मशानभूमीच्या लॉकरमध्ये आहेत. दादाने शपथ घातली होती, तो स्वतः सांगेपर्यंत बोलायचं नाही म्हणून."

"चावी?" अण्णांनी विचारलं. इतक्या वेळात ते पहिल्यांदाच असे बोलले, मास्तरासारखे नाही, म्हाताऱ्या माणसासारखे.

"माझ्या गाडीच्या किल्ल्यांना लावून ठेवलीय, काका. रोज हातात येते." यतिनने किल्ल्यांचा जुडगा कॅमेऱ्यासमोर धरला. तीन मोठ्या किल्ल्या, आणि एक छोटी, पितळी.

अण्णांनी चष्मा काढला. ते पडद्याच्या इतके जवळ वाकले की बाकीच्यांना त्यांचं नुसतं कपाळ दिसत असणार. बराच वेळ ते त्या चावीकडे बघत होते. अंजूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते रडत नव्हते. पेंडल हिलच्या चौकटीत मात्र हृषिकेश दोन्ही हातांत तोंड लपवून, खांदे गदगदवत रडत होता. शैलेंद्र पडद्याला अगदी नाक लावून नुसता "अरे, अरे" म्हणत होता. लहानपणी भाऊ सायकलवरून पडल्यावर म्हणत असेल तसा.

सगळं शांत व्हायला पाचेक मिनिटं लागली. मग अण्णांनी नाक पुसलं, चष्मा चढवला.

"नाटक पुरं करा," ते म्हणाले.

"आजोबा, सीरियसली?"

"अर्धवट नाटक मी शाळेत कधी सोडलं नाही. नजराणे आण."

रुचा ट्रे घेऊन आली. शकांनी दार्युशाला पाठवलेले नजराणे त्यात मांडले होते. कुकाबरा पक्ष्याचं कापडी खेळणं, देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीचा उंदीर, अंगणातल्या कुंडीवरचा चिनीमातीचा बेडूक आणि बाण म्हणून बार्बेक्यूच्या पाच काड्या.

शैलेंद्रने मुकुट पुन्हा डोक्यावर ठेवला. तो वाकडा बसला, पण त्याने सारखा केला नाही. "शक शरण आले!" तो म्हणाला. "उंदीर म्हणजे माती. बेडूक म्हणजे पाणी. पक्षी म्हणजे त्यांचे घोडे. आणि बाण म्हणजे त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. सगळं माझ्या पायाशी आलं!"

आता अंजूची पाळी होती. चारही वाक्यं तिला पाठ होती.

"महाराज, गैरसमज करून घेताय. शक म्हणतायत, पक्षी होऊन उडून जा, उंदीर होऊन बिळात शिरा, नाहीतर बेडूक होऊन तळ्यात उडी घ्या. एरवी या बाणांतून सुटका नाही. तेव्हा ऐका माझं, आता घरी चला."

शेवटचे तीन शब्द तिने नेहमी पार्टीतून निघताना म्हणते त्याच सुरात म्हटले. ट्रुगानिनाला रेखाताई फसकन हसली. मग पुण्याला मावशी हसल्या. मग हृषिकेश, ओल्या चेहऱ्याने, खो खो. ते हसू अंजूने दीड वर्षात ऐकलं नव्हतं.

"वहिनी, यू नेल्ड इट," तो म्हणाला.

कागदावर पुढे दार्युशाचं एक वाक्य होतं, तंबू उठवण्याच्या हुकमाचं. शैलेंद्रने कागदाकडे पाहिलंच नाही.

"हृषी, ख्रिसमसपर्यंत सीमा उघडतील म्हणतायत," तो म्हणाला. "कधी जायचं ते तू ठरव. मी येतो."

आयुष्यात प्रथमच त्याने भावाला तारीख सांगितली नव्हती. अंजूला धास्ती वाटली. हृषिकेश नेहमीसारखा "बघू" म्हणेल, आणि ते "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"जानेवारीचा दुसरा आठवडा," हृषिकेश म्हणाला. "संक्रांतीच्या आत. मी उद्याच सुट्टी टाकतो."

"दोन तिकिटं बघू ना मग?" नीरजाने मागून विचारलं.

"तीन," अण्णा म्हणाले.

एकदा पुण्याला पोचले की अण्णा तिथेच राहतील का, हा प्रश्न या घरात पाच महिने कुणी तोंडावर आणला नव्हता. उत्तराचीच भीती होती. रुचाने हातातला ट्रे खाली ठेवला.

"आणि परतीची?" शेवटी तिनेच विचारलं.

अण्णांनी नातीकडे पाहिलं, मग पडद्यावर दाटीवाटीने बसलेल्या चौकटींकडे.

"परतीचीही तीनच," ते म्हणाले.